वाळूतून झिरपणारं पाणी ते जमिनीखालचा कार्बन : हेन्री दार्सीची गोष्ट

कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचाच नाही. तो पकडायचा, दाबायचा आणि जमिनीखाली एक-दोन किलोमीटर खोल खडकात सोडून द्यायचा. ही कल्पना तुम्ही कुठल्या तरी रीलमध्ये किंवा व्हिडिओत पाहिली असेल. ती ऐकल्यावर सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो : अरे, पण तो परत वर आला तर?

अगदी बरोबर प्रश्न आहे. सगळ्या योजनेचा जीव या एका प्रश्नात अडकलेला आहे. त्याचं उत्तर शोधायला बसलेले इंजिनिअर आधी एक आकडा विचारतात : वरचा खडक किती दार्सीचा आहे? अंतर मीटरमध्ये मोजतात आणि वजन किलोत, तसं खडकातून द्रव किंवा वायू किती सहज वाहतो हे दार्सीत मोजतात.

दार्सी हे एका माणसाचं आडनाव आहे. हा माणूस १८५८ मध्ये वारला. त्यानं कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरण्याचा विचारही कधी केला नव्हता. त्याला फक्त आपल्या गावाला स्वच्छ पाणी द्यायचं होतं. आज त्याचीच गोष्ट बघू. गोष्टीच्या शेवटी तुम्हाला हेही कळेल की जमिनीखालचं दगडी झाकण टिकतं कसं आणि फसतं कधी.

आईनं शिकवलेला मुलगा

हेन्री दार्सीचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात झाला. मोहरीच्या चटणीसाठी जगभर प्रसिद्ध आहे तेच हे दिजाँ. वडील सरकारी नोकर होते. हेन्री १४ वर्षांचा असताना ते गेले आणि घराचा भार आईवर आला. पैशांची ओढाताण होती, पण मुलाचं शिक्षण थांबवायचं नाही असं तिनं ठरवलं. कर्ज काढून, शिकवणीला मास्तर लावून तिनं त्याला शिकवलं.

१८२१ मध्ये हेन्रीला पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. त्या काळात फ्रान्समधली ही सगळ्यात नावाजलेली तांत्रिक संस्था होती. दोन वर्षांनी तो रस्ते आणि पुलांच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. तिथून बाहेर पडणाऱ्याला सरकारी नोकरी ठरलेली असे. सुरुवातीची छोटी नेमणूक संपवून तो १८२७ च्या सुमारास आपल्याच गावी, दिजाँला, इंजिनिअर म्हणून परत आला. पुढच्याच वर्षी आंरिएत कॅरी या इंग्रज घराण्यातल्या मुलीशी त्याचं लग्न झालं.

नोकरी आहे, घर आहे, गाव आपलं आहे. दुसऱ्या कुणी निवांत आयुष्य काढलं असतं. पण गावात एक मोठी अडचण होती.

गावाला पाणी नाही

दिजाँचं पाणी फार वाईट होतं. लोक उथळ विहिरींचं पाणी भरायचे आणि त्याच विहिरींच्या आजूबाजूला घाण मुरायची. गावातून वाहणारा ओढा म्हणजे उघडं गटारच झालं होतं. युरोपात त्या काळी कॉलऱ्याच्या साथी येत होत्या. खराब पाण्यातून रोग पसरतात हे शास्त्रानं तेव्हा नीट सिद्ध केलं नव्हतं, पण वास आणि चव तर सगळ्यांना कळत होती.

गावानं एक उपाय करून पाहिला होता. भर वस्तीत खोल बोअर मारली. पाणी लागलं, पण हवं तेवढं मिळेना. हे आपल्याकडच्या कुणाला वेगळं सांगायला नको. बोअरला पाणी लागणं आणि ते पुरेसं येत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी खडकात असतं, पण खडक ते किती भराभर सोडतो यावर सगळं ठरतं. दार्सीनं या बोअरचं पाणी मोजलं होतं. हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हापासून घर करून राहिला असावा.

१८३४ मध्ये त्यानं नगरपालिकेला एक सविस्तर अहवाल दिला. गावापासून साधारण साडेबारा किलोमीटरवर रोझ्वार नावाचा भरपूर पाण्याचा झरा होता. तिथून जमिनीखालून झाकलेला दगडी पाट काढायचा आणि पाणी नुसत्या उतारानं गावात आणायचं, अशी त्याची योजना होती. त्यात एकही पंप लागणार नव्हता.

मंजुऱ्यांमध्ये काही वर्षं गेली. १८३९ मध्ये काम सुरू झालं आणि ६ सप्टेंबर १८४० रोजी, म्हणजे दीड वर्षात, रोझ्वारचं पाणी दिजाँच्या टाकीत पोचलं. १२.७ किलोमीटरचा पाट मिनिटाला सुमारे ८,००० लिटर पाणी आणत होता. पुढच्या काही वर्षांत गावभर दाबाच्या पाण्याचे पाइप टाकले गेले आणि रस्त्यारस्त्यांवर १४० च्या वर नळकोंडाळी उभी राहिली. साधारण दर १०० मीटरवर एक नळ, आणि पाणी फुकट. गरिबालाही आणि श्रीमंतालाही.

एवढ्या कामाचा त्याला चांगला मोठा मोबदला मिळणार होता. दार्सीनं तो घेतला नाही. गावानं दिलेलं सुवर्णपदक आणि आपल्या घरी आयुष्यभर फुकट पाणी, एवढंच त्यानं घेतलं.

पाणी झालं, मग रेल्वे. पॅरिसहून लियाँला जाणारी रेल्वे आपल्या गावावरून जावी म्हणून त्यानं मार्ग सुचवला. वाटेत डोंगर होता, म्हणून ब्लेझी इथे चार किलोमीटरहून लांब बोगद्याची योजना मांडली. लोकांना हा वेडेपणा वाटला होता. बोगदा झाला आणि आजही त्यातून गाड्या धावतात.

बदली, आजारपण आणि परत गाव

१८४८ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि राजा गेला. नव्या सत्ताधाऱ्यांना जुन्या राजवटीच्या काळात वजन कमावलेला हा इंजिनिअर गावात नको होता. ज्या गावाला त्यानं पाणी पाजलं त्याच गावातून त्याची बदली झाली. आधी बूर्ज शहरात आणि मग त्याच वर्षी पॅरिसला. पॅरिसमध्ये त्याच्याकडे शहराचं पाणी आणि रस्ते ही जबाबदारी आली.

पॅरिसमध्ये तो रुसून बसला नाही. तिथे त्यानं पाइपमधून वाहणाऱ्या पाण्यावर शेकडो मोजमापं केली. पाइप आतून गुळगुळीत आहे की गंजलेला, यानं पाण्याचा दाब किती कमी होतो हे त्यानं दाखवून दिलं. आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दार्सी-वाइसबाख नावाचं समीकरण पाठ करावं लागतं, त्यातला दार्सी हाच. वाहत्या पाण्याचा वेग मोजायची पिटो नळी त्यानंच सुधारली. तिचंच भावंड आज विमानाला हवेतला वेग सांगतं.

पण शरीर साथ देत नव्हतं. १८४० च्या दशकापासूनच त्याला मज्जासंस्थेचा त्रास होता आणि तो वाढत गेला. शेवटी १८५५ मध्ये त्यानं रोजच्या कामातून सुटका मागितली आणि तो दिजाँला परतला. वय ५२. आपल्या हातात फार वेळ नाही याची त्याला कल्पना असणार. उरलेल्या वेळात त्यानं एक जुना, साधा वाटणारा प्रश्न हातात घेतला.

हॉस्पिटलमधला वाळूचा नळा

प्रश्न असा होता. नदीचं गढूळ पाणी वाळूतून गाळून स्वच्छ करता येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एखाद्या शहराला रोज अमुक इतकं पाणी गाळून हवं असेल तर वाळूची टाकी किती मोठी बांधायची? वाळूचा थर किती जाड ठेवायचा? पाण्याची पातळी किती उंच ठेवायची? कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. सगळं अंदाजपंचे चाललं होतं.

ऑक्टोबर १८५५ च्या शेवटी दार्सी आणि शार्ल रित्तेर नावाचा त्याचा सहकारी इंजिनिअर यांनी दिजाँच्या हॉस्पिटलमध्ये एक उभा लोखंडी नळा बसवला. माणसापेक्षा उंच आणि ३५ सेंटीमीटर रुंद. आत सोन नदीची वाळू भरली. वरून पाणी सोडायचं, खालून बाहेर पडणारं पाणी मोजायचं, आणि वर-खाली पाऱ्याच्या दाबमापकांवर दाब वाचायचा. प्रयोग एवढाच.

गंमत म्हणजे हे पाणी हॉस्पिटलच्या नळातूनच येत होतं, म्हणजे दार्सीनं स्वतः गावात आणलेलं पाणी. हॉस्पिटलमध्ये कुणी दुसरा नळ सोडला की दाब हलायचा आणि पारा नाचायचा. मग थांबायचं, सरासरी घ्यायची आणि पुन्हा मोजायचं.

त्यांनी वाळूचा थर अर्ध्या मीटरच्या थोडं वरपासून पावणेदोन मीटरपर्यंत बदलून पाहिला, दाबही बदलून पाहिला. फेब्रुवारी १८५६ मध्ये रित्तेरनं आणखी काही मोजमापं केली. सगळे आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते.

दार्सीचा नियम, सोप्या भाषेत

नियम असा :

- वर आणि खाली दाबाचा फरक दुप्पट केला की वाहणारं पाणी दुप्पट होतं.
- वाळूचा थर दुप्पट जाड केला की पाणी निम्मं होतं.
- नळ्याचं तोंड दुप्पट क्षेत्रफळाचं केलं की पाणी दुप्पट.
- उरलेलं सगळं त्या वाळूच्या स्वभावावर अवलंबून. प्रत्येक वाळूचा आपला एक आकडा असतो.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जाड रेतीतून पाणी पटकन जातं, बारीक रेतीतून हळू, आणि चिकणमातीतून जवळजवळ जातच नाही. घरातला मातीचा माठ आठवा. त्यातून पाणी पाझरतं म्हणून ते गार होतं, पण सकाळी भरलेला माठ दुपारपर्यंत रिकामा होत नाही. स्टीलचा हंडा तर पाझरतच नाही. माठाच्या भिंतीतून पाणी किती सहज जातं, तो त्या भिंतीचा स्वभाव. याला शास्त्रात पारगम्यता म्हणतात.

१८५६ मध्ये दार्सीचं दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावरचं ग्रंथराज म्हणावं असं जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झालं. सहाशेहून अधिक पानं. त्यात पाट आहेत, टाक्या आहेत, पाइप आहेत, हिशोब आहेत. आणि वाळूचा नियम कुठे? पार मागे, एका परिशिष्टात, जेमतेम चार-पाच पानांत. आज जग दार्सीला ओळखतं ते त्या चार-पाच पानांमुळे.

३ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये न्यूमोनियानं त्याचं निधन झालं. तो ५४ वर्षांचा होता. उघड्या कालव्यांमधल्या पाण्यावरचे त्याचे प्रयोग अर्धवट राहिले होते. ते त्याचा सहकारी आंरी बाझँ यानं पूर्ण करून १८६५ मध्ये छापले.

माणसाचं एकक कसं झालं?

दार्सीचा नियम आधी विहिरी खोदणाऱ्यांनी उचलला. मग विसाव्या शतकात तेलवाले आले. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते स्पंजासारख्या खडकाच्या बारीक भोकांत असतं. ते विहिरीकडे किती वेगानं वाहत येईल हे सांगायला दार्सीचाच नियम लागत होता. १९३० च्या दशकात या क्षेत्रातल्या संशोधकांनी पारगम्यतेच्या एककाला दार्सी असं नावच देऊन टाकलं.

एक दार्सी म्हणजे किती? एक घन सेंटीमीटर खडक घ्या. त्याच्या दोन टोकांमध्ये एका वातावरणाएवढा दाबाचा फरक ठेवा. त्यातून पाण्याइतका पातळ द्रव सेकंदाला एक घन सेंटीमीटर वाहिला, तर तो खडक एक दार्सीचा.

सैल वाळू किंवा मऊ वालुकाश्म असेल तर पारगम्यता काही दार्सी असू शकते. घट्ट शेल, म्हणजे चिखल दबून तयार झालेला खडक, घेतला तर आकडा दार्सीच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कार्बन साठवायचा तर या दोन्ही खडकांची जोडी लागते. खाली वायू सामावून घेणारा सच्छिद्र खडक आणि वर झाकण म्हणून घट्ट खडक. या झाकणाला कॅप रॉक म्हणतात.

झाकण टिकतं कसं?

आधी एक गोष्ट समजून घ्या. साधारण ८०० मीटरच्या खाली दाब आणि उष्णता एवढी असते की कार्बन डायऑक्साइड धड वायू राहत नाही आणि धड द्रवही नाही. तो द्रवासारखा दाट होतो आणि वायूसारखा पातळपणे वाहतो. त्यामुळे कमी जागेत भरपूर मावतो. पण खडकातल्या खाऱ्या पाण्यापेक्षा तो हलकाच असतो. म्हणून तेल जसं पाण्यावर येतं तसा तो वर सरकतो आणि झाकणाखाली जाऊन थांबतो.

झाकणाचं पहिलं शस्त्र दार्सीचंच, म्हणजे संथपणा. आपण हिशोब करून पाहू. झाकण १०० मीटर जाड, पारगम्यता दार्सीचा दहा लाखावा भाग, आणि खालून १० बार जादा दाब. नियमात आकडे घातले तर वर्षाला अर्धा मिलिमीटरही पाणी झिरपत नाही. खडकाचा दहावा हिस्सा भोकं आहेत असं धरलं, तर भोकांमधलं पाणी वर्षाला जेमतेम साडेचार मिलिमीटर पुढे सरकतं. तुमची नखं यापेक्षा कितीतरी भराभर वाढतात. या वेगानं १०० मीटर पार करायला वीस हजारांहून जास्त वर्षं लागतील.

दुसरं शस्त्र याहून भारी आहे, आणि ते तुम्ही घरी पाहिलेलं आहे. बादलीत कपडे भिजवताना ओला कपडा मध्येच फुग्यासारखा फुगतो. हाच कपडा कोरडा असताना त्यातून हवा सहज आरपार जाते. मग ओला झाल्यावर का अडते? कारण धाग्यांमधल्या बारीक भोकांत पाणी घट्ट धरून बसलेलं असतं. हवेला बाहेर पडायचं तर आधी ते पाणी ढकलावं लागतं. तुम्ही फुगा जोरात दाबला की मात्र बुडबुडे फसफसत बाहेर येतात.

कॅप रॉकचं अगदी असंच असतं. शेलची भोकं केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट बारीक आणि सगळी पाण्यानं भरलेली. भोक जितकं बारीक तितकं पाणी घट्ट. झाकणाखाली कार्बन डायऑक्साइडचा १०० मीटर जाडीचा थर साठला तरी त्याच्या हलकेपणामुळे वर पडणारा दाब साधारण ३ बार असतो, कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा थोडासाच जास्त. चांगल्या शेलमध्ये शिरायला याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणून तो नुसता हळू जातो असं नाही, तर आत शिरूच शकत नाही.

झाकण फसतं कधी?

दार्सीनं प्रयोग केला तो एकसारख्या वाळूवर. खडक मात्र नेहमी एकसारखा नसतो. त्यात भेगा असतात. भेगेतून वाहणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनानं वाढतो. म्हणजे भेग दुप्पट रुंद झाली की प्रवाह आठपट. त्यामुळे १०० मीटर जाड शेलपेक्षा त्यातली एक उघडी भेग जास्त महत्त्वाची ठरू शकते.

भेग उघडते कशानं? जादा दाबानं. वायू आत ढकलण्याचा वेग जास्त असेल आणि खालचा खडक तो पुरेसा पसरू देत नसेल, तर दाब साठत जातो. एका मर्यादेनंतर झाकण खालून तडकतं किंवा जुनी बंद भेग सरकून उघडते. म्हणून प्रत्येक ठिकाणी दाबाची लक्ष्मणरेषा आधी ठरवावी लागते.

दुसरा धोका माणसानंच केलेला. जुन्या विहिरी. तेलासाठी खोदलेली आणि नीट न बुजवलेली बोअर म्हणजे झाकणाला पाडलेलं भोकच. तिसरी गोष्ट रसायनांची. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सोड्यासारखं सौम्य आम्ल तयार होतं. ते खडकातला चुना विरघळवू शकतं, तर काही ठिकाणी नवी खनिजं तयार होऊन भोकं आणखी बुजतात. कुठे काय होईल ते त्या त्या खडकावर ठरतं. एक चांगली बाजूही आहे. कार्बन विरघळलेलं पाणी साध्या खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित जड होतं आणि खाली बसतं. ते वर ढकलत नाही. म्हणजे जितका वेळ जातो तितका झाकणावरचा भार हलका होत जातो.

दोन ठिकाणं, दोन धडे

नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात स्लाइप्नर नावाचं गॅसचं क्षेत्र आहे. तिथल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. नॉर्वेनं १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला, मग तो हवेत सोडणं महाग पडू लागलं. १९९६ पासून तो वेगळा काढून समुद्रतळाखाली उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात सोडला जातो, अनेक वर्षं वर्षाला १० लाख टनांच्या जवळपास. उत्सिराची पारगम्यता एक दार्सीहून जास्त आहे. त्यामुळे वायू सहज पसरतो आणि दाब फारसा वाढत नाही. भूकंपलहरींनी काढलेल्या चित्रांत दिसलं की वायू वाळूतल्या पातळ शेलच्या पट्ट्यांखाली अडत अडत, नऊ थरांत पसरून, तीन वर्षांत वरच्या मोठ्या झाकणाशी पोचला. एक-एक मीटरच्या त्या छोट्या पट्ट्या त्याला पूर्ण अडवू शकल्या नाहीत. वरचं जाड झाकण मात्र टिकून आहे.

दुसरं ठिकाण अल्जीरियाच्या सहारा वाळवंटातलं इन सालाह. इथे २००४ मध्ये साठवण सुरू झाली. खडक जवळपास दोन किलोमीटर खोल, थर फक्त २० मीटरच्या आसपास जाड आणि पारगम्यता दार्सीच्या शंभराव्या भागाच्या घरात. दार्सीचा नियम माहीत असलेल्या कुणालाही पुढचं कळेल : वायू पसरत नाही आणि दाब चढतो. उपग्रहांच्या रडारनं अवकाशातून पाहिलं, तर वाळवंटाची जमीन वर्षाला काही मिलिमीटरनं वर उचलली जात होती. एका विहिरीभोवती ती अशा आकारात उचलली गेली की खाली भेग उघडल्याची शंका आली. एका जुन्या विहिरीच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइड सापडला, ती बंद करावी लागली. वरचं मुख्य झाकण शेकडो मीटर जाड होतं आणि त्यातून वायू बाहेर आल्याचं दिसलं नाही. पण भेगा झाकणाच्या खालच्या भागात शिरल्या असाव्यात असं वाटल्यानं २०११ मध्ये इंजेक्शन थांबवलं. तोवर सुमारे ३८ लाख टन आत गेला होता.

दोन्हीकडे वर चांगलं झाकण होतं. फरक पडला तो खालच्या खडकाच्या दार्सीमुळे. झाकण किती घट्ट आहे एवढंच बघून चालत नाही. खालचा खडक दाब पसरू देतो का, हेही तितकंच बघावं लागतं.

आणि आपल्या पायाखालचं काय? महाराष्ट्राचा मोठा भाग लाव्हाच्या काळ्या बेसॉल्टवर उभा आहे. या दख्खनच्या खडकात कार्बन साठवता येईल का, यावर भारतात अभ्यास झाले आहेत. बेसॉल्टची खुबी वेगळी. आइसलँडमधल्या कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवून सोडलेला बहुतेक कार्बन दोन वर्षांच्या आत खनिज बनून दगडातच बसला. दगडच झाला की झाकणाची काळजी बरीच कमी होते. पण त्याआधी तो आत शिरायला हवा, पसरायला हवा. म्हणजे तिथेही प्रश्न पारगम्यतेचाच.

दिजाँचा चौक

दार्सीचं पार्थिव पॅरिसहून दिजाँला आणलं गेलं. ज्या गावानं दहा वर्षांपूर्वी त्याला जाऊ दिलं होतं, ते गाव निरोप द्यायला जमलं. नगरपालिकेनं लगेच ठरवलं की पाण्याच्या टाकीसमोरच्या चौकाला त्याचं नाव द्यायचं. तो चौक आजही दिजाँच्या मध्यभागी आहे, त्याच नावानं. नकाशाच्या ॲपमध्ये प्लास दार्सी असं शोधलं तर लगेच दिसेल. शेजारच्या बागेखाली ती जुनी टाकीही आहे.

कार्बन जमिनीत साठवण्याचे प्रकल्प येत्या काळात वाढतील. काही चांगले असतील, काही नुसते जाहिरातीपुरते. पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला तर तीन गोष्टी विचारा. झाकणाचा खडक किती घट्ट आहे? खालचा खडक किती मोकळा आहे? आणि दाब रोज कोण मोजतंय? हॉस्पिटलमध्ये पाऱ्याकडे बघत उभा असलेला आजारी इंजिनिअरही वाळूला जवळपास हेच प्रश्न विचारत होता.